चेगूच्या घरचे डबे

३ मार्च, रविवार

आज निश्चय केला. रोजे सुरू होण्याआधी घरातलं सगळं प्लास्टिक बाहेर. अपवाद नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे शंका नको. दवाखान्यात रक्तदाब तपासायला गेलो होतो. तिथे भिंतीवर नवा तक्ता लावला आहे. गरम अन्न प्लास्टिकमध्ये ठेवलं की त्यातली रसायनं अन्नात उतरतात आणि शरीरातल्या ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करतात. गरोदर बायकांनी विशेष जपावं. सुराया पोटुशी आहे आणि ईदला क्वालालंपूरहून इकडे तायपिंगला येणार आहे. लेक येण्याआधी स्वयंपाकघर निर्धोक करणं हे बापाचं काम आहे.

माझी बायको साओदा डिसेंबरात गेली. या निश्चयाचा आणि तिच्या जाण्याचा संबंध फक्त रसायनशास्त्रापुरता. तीस वर्षं तिने याच डब्यांत गरम कालवण भरलं. बाकी मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, नमाजाला जातो.

संध्याकाळी ओट्याखालचं कपाट उघडलं. डबे अंगावर आले. नंतर दार लागेना.

४ मार्च, सोमवार

वर्गवारी सुरू. प्रत्येक डब्याच्या बुडाला त्रिकोण असतो, त्यात आकडा. पाच असेल तर बरा. तीन, सहा, सात वाईट. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आकड्यांचं काम मला जड नाही.

अडचण अशी की साओदाने डबे इतके घासले आहेत की त्रिकोण गेले. बुडाला फक्त तिने लाल तैलरंगाने लिहिलेलं दिसतं: चेगूचं घर. फाटक रंगवलं त्या वर्षी उरलेल्या रंगाने तिने सगळे डबे रंगवले होते. चेगू म्हणजे मास्तर. शाळा सुटली तरी गल्ली मला चेगूच म्हणते. स्वतःचं नाव तिने एकाही डब्यावर घातलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाली होती, साओदा या गल्लीत चार आहेत, चेगू एकच आहे.

झाकणं वेगळी काढली. एकही झाकण एकाही डब्याला बसत नाही. तिला न बघता कळायचं.

पिवळा चौकोनी डबा सगळ्यात जुना. यातून मी शाळेत भात नेत असे. आतून हळदीने कायमचा रंगलेला. याच्यावर त्रिकोण कधी नव्हताच, म्हणजे हा सर्वांत धोकादायक. हा नमुना म्हणून ठेवतो. अभ्यासाला एक नमुना लागतो.

७ मार्च, गुरुवार

नमुना सोडून बाकी सगळे डबे पोत्यांत भरून मशिदीमागच्या पुनर्वापराच्या पिंपात टाकून आलो. घर मोकळं वाटलं. अपेक्षेपेक्षा सोपं गेलं.

दुपारी मशिदीचे सचिव हाजी रमली गाडी घेऊन दारात. धापा टाकत म्हणाले, चेगू, काय दिवस आले बघा, कुणीतरी तुमचे डबे चोरले आणि घाबरून पिंपात टाकले! अल्लाहची कृपा, बुडाला नाव होतं. सगळी पोती त्यांनी परत आणली होती. वर त्यांच्या बायकोने वरच्या डब्यात खजूर भरून दिले होते, कारण रिकामा डबा कोणाच्या दारात नेऊ नये.

मी आभार मानले. खरं सांगायचं होतं, पण ते घामाघूम झाले होते.

९ मार्च, शनिवार

नवी पद्धत. टाकायचं नाही, वाटायचं. शेजारच्या कक झैतूनला बरेच डबे दिले. ही साओदाची जिवाची मैत्रीण. माझ्याहून लहान आहे, पण गल्ली तिला कक, म्हणजे ताई म्हणते, म्हणून मीही. तिने डबे छातीशी धरले आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, तिचे डबे मला? मी म्हणालो, रसायनं असतात. ती म्हणाली, काय असतं? मी विषय सोडला.

डबे मात्र गेले. आठवण: विनाकारण सल्ले देऊ नयेत, कृती करावी.

१२ मार्च, मंगळवार. पहिला रोजा

संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या जरा आधी कक झैतून कुंपणापाशी. डबे परत. एकात नारळाच्या रसातली कोंबडी, एकात भाजी, एकात केळीच्या पानातला गोड भात. म्हणाली, तुम्ही डबे दिलेत, ते रिकामे कसे ठेवू? पुढे म्हणाली, आणि चेगू, रोजा एकट्याने सोडू नका हो, आमच्याकडे या. मी म्हणालो, डोकं दुखतं आहे.

मग समोरच्या घरून एक डबा आला. मग कोपऱ्यावरून. साओदाने कोणाकोणाला काय काय भरून दिलं होतं ते आज कळलं. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा ती डबे पाठवत होती. ते सगळे गल्लीभर राहिले होते. प्रत्येकजण म्हणाला, रोज्यांचा महिना आला, परत द्यायलाच हवे होते.

कपाटात पूर्वीपेक्षा जास्त डबे झाले आहेत. ही तात्पुरती वाढ आहे.

अन्न गरम होतं. डब्यातून लगेच काढून बशीत घेतलं. कोंबडी उत्तम होती. किती रसायनं उतरली असतील सांगता येत नाही.

१४ मार्च, गुरुवार

शेजाऱ्यांकडून घेणं बंद. स्वतः रोज्यांच्या बाजारातून आणायचं, स्टीलच्या पुडाच्या डब्यात. स्टीलमध्ये रसायन नाही.

बाजारात भाताच्या दुकानदाराला डबा पुढे केला. तो खूश झाला, म्हणाला, वा चेगू, जुना जमाना! मग त्याने उकळतं कालवण प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं, फुगवून गाठ मारली आणि पिशवी माझ्या स्टीलच्या डब्यात ठेवली. म्हणाला, सांडायला नको. मी म्हणालो, पिशवी नको. तो म्हणाला, पिशवीचे पैसे नाही घेत हो. मागे रांग होती.

सरबतवाल्याला काचेची बाटली दिली. त्याने आधी पिशवीत मोजलं, मग पिशवीतून बाटलीत ओतलं.

१७ मार्च, रविवार

आता खरा प्रश्न. कक झैतून माझ्या डब्यांबरोबर स्वतःचे डबेही पाठवते. ते परत द्यायला हवेत, आणि रिकामे देता येत नाहीत. साओदा असती तर प्रश्नच नव्हता. आधी बागेतली केळी घातली. केळी संपली. मग अंडी. आज घरात काहीच नव्हतं, म्हणून डब्याच्या तळाशी साखर घालून कुंपणावर ठेवला.

थोड्या वेळाने तिचा आवाज गल्लीभर. चेगू, गोड खावंसं वाटतंय तर तोंडाने सांगा की! साखर पाठवून सुचवायला मी काय तुमची सून आहे?

१८ मार्च, सोमवार

कक झैतूनकडून केळ्यांचं गोड कालवण. तिच्या सगळ्यात मोठ्या डब्यात.

२० मार्च, बुधवार

मुळावर घाव घालायचं ठरवलं. मशिदीच्या बैठकीत ठराव मांडला: रोज वाटली जाणारी मटणाची पेज प्लास्टिकच्या वाट्यांत भरू नये, लोकांनी घरून भांडी आणावीत. पेज उकळती असते. बोलताना बायकोचं उदाहरण द्यावं की नाही ते ठरेना. दिलं नाही.

सगळे शांतपणे ऐकत होते. हाजी रमली म्हणाले, चेगूंचं म्हणणं अगदी बरोबर आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. मग म्हणाले, चेगूंना या कामात एवढा रस आहे, त्यांनाच वाटपावर घेऊ या. घरात बसून करमत नसेल. टाळ्या वाजल्या.

२२ मार्च, शुक्रवार

दुपारभर पेजेच्या वाट्यांना झाकणं लावली. मला झाकणांवर ठेवलं आहे. निषेध म्हणून काही मुद्दाम सैल लावली.

२३ मार्च, शनिवार

काल ज्यांच्या पिशवीत पेज सांडली त्या सगळ्यांना हाजी रमलींनी सांगितलं, चेगूंना सांभाळून घ्या, त्यांचं मन थाऱ्यावर नाही. माझं मन पूर्ण थाऱ्यावर आहे. आज झाकणं घट्ट लावली.

२५ मार्च, सोमवार

सुरायाचा फोन. ती आईला इबू म्हणते आणि कक झैतूनला मकचिक, म्हणजे मावशी. म्हणाली, आबा, तुम्ही डबे टाकताय की जमवताय? मकचिक झैतूनने मला कपाटाचा फोटो पाठवला. मी तिला तक्त्यावरची माहिती नीट क्रमाने सांगितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आबा, डॉक्टरांना तुम्हीच विचारलं होतंत ना, इबूचा आजार कशामुळे झाला म्हणून? ते काय म्हणाले होते? म्हणाले होते, कुणालाच नक्की सांगता येत नाही. मग?

मी म्हणालो, नक्की सांगता येत नाही म्हणजे नाही असं होत नाही. काळजी घ्यायलाच हवी. ती म्हणाली, घेते की. मी गरम काही प्लास्टिकमध्ये ठेवतच नाही. पण आबा, तुम्ही कसे आहात?

मी म्हणालो, कपाटाचं दार लागत नाहीये, बाकी ठीक.

सुराया गणितात कच्चीच होती.

२८ मार्च, गुरुवार

उपाय सापडला. इतका साधा की आधी कसा सुचला नाही. डबे परत येतात ते नावामुळे. नाव काढलं की डबा कोणाचाच नाही.

हार्डवेअरमधून पॉलिश पेपर आणला. ओसरीत बसून बुडं घासायला घेतली. तैलरंग चिवट आहे, पण निघतो. तिच्या अक्षराला जोर होता, अक्षरं खोलवर बसली आहेत. लाल भुकटी पडते. श्वासात जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल बांधला. भुकटीने डोळ्यांतून फार पाणी येतं. कक झैतून कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. तिचं हे असं गप्प जाणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

३१ मार्च, रविवार

घासणं पूर्ण. शेवटी नमुनाही घासला. नियम सगळ्यांना सारखा. पिवळ्यावर रंगाचे थर दोन होते, तिने मध्ये एकदा गिरवलेलं दिसतं.

नमुना सध्या वापरात आहे. पहाटेच्या सेहरीचा पाव त्यात ठेवतो. वापरात ठेवल्याशिवाय अभ्यास होत नाही. पाव थंड असतो.

१ एप्रिल, सोमवार

हाजी रमली येऊन ओसरीवरचे सगळे डबे मशिदीच्या दानाच्या टेबलासाठी घेऊन गेले. ज्याला हवा तो घेईल. नाव नाही, पत्ता नाही. मी त्या वेळी आत होतो, त्यांना म्हणालो, जे दिसेल ते न्या.

कपाटाचं दार लागलं. कुलूप लावल्यासारखा आवाज झाला.

२ एप्रिल, मंगळवार

एकही डबा आला नाही. यश.

३ एप्रिल, बुधवार

कक झैतूनने चिनीमातीच्या बशीत मासा आणला, वर दुसरी बशी झाकून. म्हणाली, तुमच्या नियमाप्रमाणे, चेगू. बशी तिथेच रिकामी करून दिली. पूर्वी डबा द्यायला आली की साओदा तिला थांबवायची आणि कुंपणावर तास जायचा. आज तेवढा वेळ लागला नाही. वेळेची बचत.

४ एप्रिल, गुरुवार

यश. कोणी आलं नाही.

रोजा पाण्याने आणि हाजी रमलींच्या खजुरांनी सोडला. घर फार स्वच्छ आहे.

५ एप्रिल, शुक्रवार

चार दिवसांनी पाव आणला, तो ठेवायला नमुना शोधला. नाही. ओसरीत ठेवला होता. वाळायला. इतर डब्यांच्या शेजारी.

जे दिसेल ते न्या, असं मीच म्हणालो होतो.

मशिदीत गेलो. टेबल रिकामं. हाजी रमली आनंदाने म्हणाले, चेगू, तासाभरात सगळं संपलं, सवाब मिळेल, पुण्य मिळेल तुम्हाला! मी विचारलं, पिवळा कोणी नेला? ते म्हणाले, आता कसं कळणार, नाव कुठे होतं?

अभ्यासाचं नुकसान झालं आहे. एवढंच.

६ एप्रिल, शनिवार

पाव ताटलीत ठेवला. मुंग्या.

९ एप्रिल, मंगळवार

सुराया आली. पोट दिसतं आता. जावई सामान घेत होता, ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालचं कपाट उघडलं. मोकळं कपाट बघून कौतुक करेल असं वाटलं होतं. तिने वाकून कोपरे तपासले. मग म्हणाली, आबा, इबूचा पिवळा डबा?

मी म्हणालो, त्याच्यावर त्रिकोणच नव्हता. आकडा माहीत नाही.

ती म्हणाली, मी आकडा विचारला नाही.

मग तिने सांगितलं की या खेपेला तो मागून न्यायचं तिने ठरवलं होतं. अन्न ठेवायला नाही. बाळाच्या टोप्या आणि मोजे ठेवायला. फोनवर का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, तुम्ही रसायनांचं सांगत होतात, मध्ये कसं बोलू?

१० एप्रिल, बुधवार. ईद

सकाळी नमाज, मग कबरस्तान. साओदाच्या कबरीवर पाणी घातलं. सुरायाला बसता येईना म्हणून ती उभी राहिली. डब्याचं मनातल्या मनात सांगून टाकलं.

ईदला प्रत्येक घराचं दार उघडं असतं, कोणीही आत जावं, खावं. यंदा कोणाकडे जायचं नाही असं माझं ठरलं होतं. पण आरोग्याची एक पाहणी करून टाकावी असं वाटलं. एकेका घरी गेलो. सगळीकडे लाल झाकणांच्या प्लास्टिकच्या बरण्यांत बिस्किटं. नाही म्हणता येत नाही. प्रत्येक घरी खाल्ली. मग पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जायचं आणि फडताळातले डबे उलटे करून बघायचे.

समोरच्या घरी सूनबाईने मला बुड बघताना पकडलं. म्हणाली, चेगू, काही हवंय का? मी म्हणालो, त्रिकोण बघतो आहे. तिने सासूला हाक मारली. सासू म्हणाली, अगं, त्यांचाच आहे तो, खरचटलेल्या बुडाचे सगळे चेगूकडचे.

मी विचारलं, कसं कळलं? ती म्हणाली, आख्ख्या गल्लीला माहीत आहे. दानाच्या टेबलावरून आम्हीच तर उचलले, बाहेर कुठे जायला नकोत म्हणून. तुम्हाला बघवत नाहीत असं झैतून म्हणाली, म्हणून परत नाही पाठवले. तुम्ही मागाल तेव्हा द्यायचे असं ठरलंय.

मला बघवत नाहीत असं मी कधीही म्हणालो नव्हतो. मी रसायनं म्हणालो होतो.

शेवटी कक झैतूनचं घर. ती दारातच होती. म्हणाली, या चेगू, सगळ्यांची बुडं बघून झाली? गल्ली हसतेय, ईदची तपासणी आलीय म्हणून. मी बसलो. बिस्किटं आली. मी आकाशाचा रंग, पाऊस, जावयाची गाडी यांवर बोललो. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, चेगू, साओदा मला वीस मिनिटं बोलायला लावायची आणि मग सांगायची की मीठ हवंय. तुम्ही तरी लवकर सांगा.

मी म्हणालो, पिवळा.

ती आत गेली आणि घेऊन आली. दानाचं टेबल लागताच तिने तो सगळ्यांत आधी उचलला होता. म्हणाली, नाव कशाला लागतंय याला? किती दिवस वाट बघतेय, तुम्ही कधी मागायला येता.

डबा जड होता. आत रेंडांग, म्हणजे नारळात आटवलेलं मांस. साओदाच्या पद्धतीचं, जरा जास्त कोरडं केलेलं. चुलीवरून नुकतंच काढलेलं, डबा हाताला चटके देत होता. गरम अन्न, त्रिकोण नाही. मी तो दोन्ही हातांनी धरून घरी आणला.

११ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून डबे येत आहेत. सगळ्या घरांतून. सगळे भरलेले. लेमांग म्हणजे बांबूत शिजवलेला भात, रेंडांग, बिस्किटं. सुराया दारात उभी राहून घेते आणि प्रत्येकीला आत बसवते. दुपारी घरात इतक्या बायका होत्या की मला मागच्या पायरीवर बसावं लागलं.

कपाटाचं दार लागत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

सुराया आज परत गेली. तिच्यासाठी रेंडांग भरायचं होतं. नियमाप्रमाणे आधी पूर्ण थंड होऊ दिलं, मग पिवळ्या डब्यात केळीचं पान अंथरलं आणि त्यावर घातलं. पान मध्ये आहे, म्हणजे अन्नाचा आणि प्लास्टिकचा संपर्क नाही. रिकामा झाला की धुऊन टोप्या ठेव म्हटलं. तत्त्व सोडलेलं नाही.

त्याआधी काल मागच्या खोलीत फाटकाचा लाल रंग सापडला. वर जाड साय धरली होती, खाली ओला होता. पिवळ्याच्या बुडाला लिहून उन्हात वाळवला. माझं अक्षर तिच्यासारखं नाही. फळ्यावरच्यासारखं आलं आहे. बाकीच्यांचं उद्यापासून करायला घ्यायचं. रंगातही रसायनं असतात, पण ती बाहेरच्या बाजूला आहेत.

गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी वाकून सुरायाला सांगितलं, डबा परत आण. रिकामा आणू नकोस.

ती हसायला लागली आणि मग रुमाल शोधू लागली. म्हणाली, आबा, अगदी इबू. मला तसं वाटलं नाही. डबे परत यावेत असं कोणालाही वाटतं.

कपाटाला खुर्ची टेकवून ठेवली आहे. कक झैतूनचे डबे परत द्यायचे आहेत आणि घरात साखरेशिवाय काही नाही.